भाषेचा रकाना

"काय शिकूलालीस गं तिथं, दोन वर्षं?"
बाबा विचारतात, उद्यमबागेतून आल्यावर,
नखांतली वाळू ब्रशनं काढत.
ओळी वाचायला, मी म्हणते.
"ते तर चौथीतच झालं हुतं की."

झालं होतं. पण या ओळी वेगळ्या:
वेळ, पत्ता, कोण आलं, कुठल्या दारानं,
दार उघडलं की नुसतं हलवून पाहिलं.
एका रात्रीच्या चार लाख.
त्यातली एखादीच खोटं बोलते
आणि तीही सगळ्यांसारखाच गणवेश घालून उभी.
पहिल्या सत्रात मी तिलाच शोधत होते.
तिसऱ्यात कळलं, आधी खऱ्यांशी ओळख करायची,
महिनाभर, कंटाळा येईपर्यंत.
मग परकी आपसूक डोळ्यात खुपते.

बाबा हसले.
फाउंड्रीत ते कास्टिंगवर हातोडी टेकवतात,
आवाज बद्द आला की बाजूला.
"चीर दिसत नाही, ऐकू येते.
याला पण डिग्री देतात काय?"

प्रबंधासाठी खानापूरकडची एक पतसंस्था मिळाली.
अकरा हजार खाती, माणसं नऊ हजार सातशे.
मुतगेकर, मुतगीकर, मुत्गेकर,
मराठी अर्जात एक, कन्नड दाखल्यात दुसरा,
इंग्रजी पासबुकात तिसरा,
आणि तिघांची मिळून तारण एकच म्हैस.
(आम्हीही त्यातलेच. म्हैस आमची नव्हे.)
कन्नड महांतेशनं वाचलं, मराठी मी,
दोघं अडलो की झरीनाच्या आजोबांना फोन,
त्यांनी चाळीस वर्षं सातबारे उतरवलेले.
मशीनला शिकवलं की हा यल्लप्पा आणि तो यल्लाप्पा
एकच असू शकतात.
आणि नेहमीच नसतात, हेही.
हे दुसरं शिकवायला जास्त दिवस लागले.

मग नंदगडच्या यल्लाप्पा हुंदऱ्यांना फोन गेला,
स्वच्छ मराठीत, "काका, केवायसी संपलीय."
त्याच दुपारी गंगव्वा हुक्केरींना,
गोड धारवाडी कन्नडात, "अव्वा" म्हणून.
त्यांचे एकेचाळीस हजार. तिचे पेन्शनचे नऊ.

चोरीला गेलेली यादी उलगडली:
नाव, नंबर, शिल्लक,
आणि शेवटी एक रकाना, भाषा.
लॅबमध्ये कुणी बोललं नाही.
डांबर फासलेल्या पाट्या बघत वाढलेलो आम्ही,
कुठल्या खिडकीतून कुठल्या भाषेतला अर्ज परत येतो
ते तोंडपाठ असलेले.
आणि ज्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत
अदबीनं बोलणारा माणूस भेटला,
तो हा.

ओळ सापडली. रात्री दोन तेरा.
कारकून रामलिंग पाखरेंच्या नावानं यादी उतरवलेली.
चेअरमन उठलेच, पोलिसांत द्या त्याला.
मी म्हटलं, नाव त्यांचं आहे.
हात त्यांचे होते असं ही ओळ म्हणत नाही.
पासवर्ड कॅलेंडरमागं टाचणीनं टोचलेला,
अख्ख्या शाखेला पाठ.
पाखरे कोपऱ्यात, हातात चहा तसाच.
माझा आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.
हिरेमठ मॅडमनी नंतर एवढंच विचारलं,
"डिस्कला सील कुणी लावलं? वेळ लिहिलीस?"
लिहिली होती. दोन्ही लिपींत.

पैसे अजून आलेले नाहीत.
परत आणायला शिकवणारा पेपर आम्हाला नव्हता.
अहवालात मी तसं लिहिलं,
"माहीत नाही" हा शब्द सहा वेळा,
एकदाही न खोडता.

काल हुंदरेकाकांना सही घ्यायला फोन लावला.
"काका, मी मुतगेकरांची..."
"कशावरून?"
मी गप्प. खरंच, कशावरून?
मराठी तर त्यालाही येत होतं.
म्हटलं, ठेवा काका.
संस्थेचा नंबर पासबुकावर आहे, तुम्हीच लावा.
त्यांनी ठेवला, खाडकन,
माझं वाक्य संपायच्या आत.
मी किती वेळ तशीच हसत बसले.