नव्वद सेकंद

बार्दुरचा पॅच आलाय. एकशे बारा ओळी हिरव्या,
तीनशे सात तांबड्या.
घालणाऱ्यापेक्षा काढणारा मला नेहमी जवळचा वाटतो,
तरी तांबड्या ओळी मी सावकाश वाचते.
कुणीतरी रात्र घालवलेली असते त्यांच्यावर.

क्लाक्सविकमध्ये दुपारी तीनलाच दिवे लागलेत,
धक्क्यावर बर्फाचा कारखाना घरघरतोय,
खिडकीच्या काचेला मीठ.
बार्दुर म्हणतो, समोरचा बोलेनासा झाला
की तीस सेकंदांत कनेक्शन तोडावं.
आत्ता नव्वद आहेत. कशासाठी?
एक गप्प बसला की अख्खी रांग खोळंबते,
फाइलीवरचं कुलूप तसंच,
बाकीचे दाराशी ताटकळत.
बरोबर आहे त्याचं.

ओळ अठ्ठ्याऐंशीला मात्र अडखळले.
चूक निघाली की तू थेट माघारी फिरतोस, बार्दुर,
सॉकेट सताड उघडं टाकून.
पाहुणा मागच्या दाराने कधीच गेलेला
आणि आपण त्याची कॉफी झाकून बसलोय.
लिहिते: आधी बंद कर, मग फीर.

ओळ दोनशे तीन. तांबडी. जुनी टीप:
‘नव्वदच्या खाली आणू नका. जहाज आहे. हॉग्नी.’

कुठलं जहाज?
चाचण्या तर सगळ्या पास.
चाचण्यांना काय ठाऊक जहाज.

हॉग्नी हल्ली सॅमनच्या पिंजऱ्यांवर असतो.
आठव्या रिंगला उचलला.
आधी वारा आला, मग तो.
‘हां, ते होय! आइसलंडच्याही वर जायचं ते.
उपग्रहाची लाइन, साधं ‘हो’ यायला सव्वा मिनिट.
एक मुलगी होती त्यावर, माशांची वजनं लिहायची,
रोज रात्री पाठवायची, रोज रात्री तुटायचं.
म्हणून नव्वद केले.’
‘आणि आता?’
‘आता काय. भंगारात गेलं. नऊ वर्षं झाली.’
मुलीचं त्याला माहीत नव्हतं.

म्हणजे नऊ वर्षं
पत्रा पत्रा सुटा झालेल्या जहाजासाठी
आमचा सर्व्हर दिवसातून कितीदा
नव्वदपर्यंत मोजतोय.

लिहिते: तीस चालतील.
पण आकडा ओळीत पुरू नकोस, सेटिंगमध्ये ठेव,
लांबून बोलणारं कुणी निघालंच तर वाढवता यावा.
टीप काढलीस तरी हरकत नाही,
इतिहासात ती राहतेच,
खोदणाऱ्याला सापडेल.
‘अठ्ठ्याऐंशी दुरुस्त कर, मग मंजूर.’

तेवढ्यात लक्षात आलं, फोन चालूच आहे.
हॉग्नीने ‘बरं’ म्हणून तसाच खिशात टाकलाय.
खाद्य फेकणारं यंत्र, लोखंडी जाळीवर बूट,
कुणाला तरी म्हणाला, दोर सैल सोड, अजून थोडा.
मी ऐकत राहिले.
तीसच्या वर नक्की गेले असतील.
मग मीच ठेवला.