आधी आईला विंचरा

पिल्लू दाखवा, म्हणतात सगळे दारातूनच,
बुटांवरचा बर्फ झटकायच्याही आधी.
मी म्हणते, बसा. कॉफी उकळतेय.
पिल्लं कुठे पळून चालली नाहीत,
बारा आठवडे तरी ती माझ्याच घरची.
आणि हा घ्या कंगवा.
आधी आईला विंचरा.

ती काय, लाकडांच्या चळतीवर,
डोकं खाली करून उतरतेय खारीसारखी.
नाव रागना. राग मात्र नाकावर नाही,
शेपटीत असतो. शेपटीकडे लक्ष ठेवा.

खाण तशी माती.
पिल्लू आज मुठीएवढं, कापसाचं बोंड,
पण पाच वर्षं वाढत राहील,
आणि मग असं दिसेल:
मानेभोवती झालर, मांड्यांना विजार,
पंजांच्या बोटांमधून डोकावणारे झुबके.
वरचे केस तेलकट, पाणी निथळून जातं,
आत दाट लव, जिच्यामुळे ही जात
नामसेनकाठच्या थंडीत टिकली.
ती लव एप्रिलात सुटते.
सुटते म्हणजे काय, सांगून कळत नाही:
एक अख्खी मांजर निघते मांजरीतून,
आणि तुमच्या लोण्यात जाऊन बसते.

मांडीवर येईल? नाही येणार.
शेजारी बसेल, हातभर अंतरावर,
आणि तुम्ही उठलात की तीही उठेल.
हे पुरत असेल तरच पुढचं बोलू.
आईबापाच्या हृदयाची तपासणी, रक्ताचे कागद,
सगळं त्या निळ्या फायलीत आहे.
वाचायला मागत नाही कुणी.
डोळे निळेच राहतील का, एवढं विचारतात.

ट्रोंडहाइमहून आलं होतं एक जोडपं,
राखाडी हवं म्हणाले, सोफा राखाडी आहे.
तिने कंगवा फिरवला मानेपासून शेपटीपर्यंत,
तीनदा, वरूनच,
पाहुणे यायच्या आधी केर काढावा तसा.
गुंता वर नसतोच, बाई.
तो काखेत असतो, कानामागे,
पोटाच्या त्या जागी जिथे हात लावू देत नाहीत.
मी त्यांना कॉफी दिली, केक दिला,
आणि पिल्लं झोपलीत म्हणून सांगितलं.

मग मार्चच्या एका रविवारी एइलिफ आला.
जाळी विणायच्या कारखान्यात चाळीस वर्षं,
बोटं दोरखंडासारखी.
मनात म्हटलं, झालं, आता ओरबाडणार.

त्याने कंगवा घेतला आणि नुसता बसून राहिला.
कॉफी निवली.
रागना आली, वास घेतला, पाठ फिरवून बसली.
तेव्हा कुठे त्याने कानामागची जट शोधली,
मुळाशी दोन बोटं दाबून धरली,
ओढ कातडीला लागू नये म्हणून,
आणि टोकाकडून सुरुवात केली,
थोडं थोडं, वर वर सरकत.

हे कुणी असंच करत नाही.
हे कुणाच्या तरी रडण्यातून शिकावं लागतं.

मी विचारलं नाही.
तोच म्हणाला, कंगव्याकडे बघत:
मुलगी. शाळेच्या बसआधी.
बायकोची हॉस्पिटलात रात्रपाळी असायची.
सात वर्षं दोन वेण्या.
पहिल्या वर्षी वाकड्या.

आता?

आता बर्गनला असते.
केस आखूड ठेवलेत.

रागनाची शेपटी एकदाही हलली नाही.
मी पिल्लांच्या खोलीचं दार उघडलं.
चौघं आली धडपडत, बुटाच्या नाड्यांवर तुटून पडली.
त्याने कुणालाही उचललं नाही.
कंगव्यातले केस काढले,
तळव्यात वळून त्यांची गोळी केली
आणि खिशात टाकली, कचऱ्याचा डबा
हाताशी असताना.

पुढच्या रविवारी येतो, म्हणाला,
तेव्हा ठरवीन. किंवा त्यांचं त्यांनाच ठरवू दे.
कंगवा आहे माझ्याकडे, जुना.
एक दात पडलाय त्याचा.
चालेल?

मी निळी फाईल त्याच्या हातात दिली.
तो पायरीवर उभा राहून, हातमोजे न घालता,
पहिल्या पानापासून वाचू लागला.