चिठ्ठीवर वरदान आलंय

शुक्रवारी सकाळी दाभोळहून नाझमीनचा फोन :
अब्बा, उद्या वक्तृत्व आहे,
'यंत्र : शाप की वरदान'.
चिठ्ठी काढली मी. वरदान आलंय.
तीन मिनिटांचे मुद्दे सांगा,
एक शोध हवा, आणि एक थोर माणूस,
बाई म्हणतात उदाहरणाने वजन येतं.

मी म्हटलं, एसी घे.
मुहर्रकच्या गच्च्यांवर चौदा वर्षं
तेवढा एकच धडा पाठ केलाय.

सांगितलं तिला :
शोधणारा पंचविशीतला इंजिनियर.
न्यूयॉर्कच्या एका छापखान्यात
दमट हवेने कागद फुगायचा,
लाल रंग इथे बसायचा, निळा सरकून तिथे.
त्याने हवेतलं पाणी काढून घेतलं.
मग इस्पितळं सांग,
दिवस भरायच्या आधी आलेली बाळं,
लशींच्या बाटल्या.
मग आपलं घर सांग,
नको, घर नको सांगू. बढाई वाटेल.
तिने सगळं उतरवून घेतलं,
'पंचविशीत' दोनदा विचारून.

चिठ्ठीवर वरदान आलंय,
म्हणून पुढचं तिला सांगितलं नाही.

की थंडी आधी कागदासाठी केली,
माणूस मागाहून आत आला.
क्रम अजून तोच आहे :
आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात
बावीस डिग्रीत निजलेत.
"सुरक्षित राहतात," मॅनेजर म्हणतो, आणि खोटं नाही,
माझ्या पासपोर्टाला कधी घाम आलेला नाही.

की थंडी कुणी तयार करत नाही,
खोलीतली गरमी उचलून गच्चीवर टाकायची असते,
आणि गच्चीवर मी असतो.
भर उन्हाळ्यात बारा ते चार बाहेरचं काम बंद,
असा कायदा आहे. चांगला आहे.
पण एसी मरतो बरोब्बर साडेबाराला,
आणि तेव्हा फोनवर कुणी 'काम' म्हणत नाही,
'जरा बघून ये' म्हणतात.

गेल्या आठवड्यात बू खलफकडे गॅस भरत होतो.
म्हातारा खुर्ची ओढून दारात बसला.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुडी मारायचा,
नाकाला चिमटा, पायाला दगड,
वर होडीत दोर धरून दुसरा.
कर्ज नाखव्याच्या वहीत.
(नाखवा! शब्द दोघांचाही निघाला. हसलो.)
आजा मेला, वही राहिली,
मग बाप बुड्या मारू लागला.
तेवढ्यात जपानात कुणी शिंपल्यात मणी सरकवून
मोती पिकवायला शिकलं,
आपण आवण लावतो तसं.
मुंबईचे व्यापारी यायचे थांबले,
होड्या वाळूत आडव्या झाल्या.
घरातला खजूर संपला,
आणि वहीही कुणी उघडेना.
"त्या जपान्याला शिव्या द्याव्या की दुआ,
बापाचं मरेपर्यंत ठरलं नाही," म्हातारा म्हणाला.
"जेवणाआधी शिव्या, जेवणानंतर दुआ.
जेवण असेल त्या दिवशी."

मग त्याने विचारलं, तुझ्यावर किती?
म्हटलं, एजंटचे फिटले. बहिणीच्या लग्नाचे आहेत.
आणि दोर कोण धरतं तुझा?
मी पाना शोधत असल्यासारखं केलं.

युनिटचं झाकण काढलं की आत पत्र्यावर
आधीच्या मिस्त्र्यांच्या तारखा सापडतात,
मल्याळममध्ये, बंगालीत,
एकदा नुसतं होडीचं चित्र.
थोरांच्या पुस्तकात नसतात ही अक्षरं,
पाऊसही नाही, त्यामुळे पुसत नाहीत.
मीही पेन्सिलीने लिहितो : हमदुले, आणि महिना.
पुढे वीतभर जागा उरते.
झाकण लावतो.

शनिवारी रात्री तिचा फोन :
उत्तेजनार्थ आलं, अब्बा.
पहिला नंबर शापवाल्या मुलाचा.
काय बोलला तो?
म्हणे, एसीमुळे माणसं आळशी झाली.