ओल्या हातावर

जानेवारीत डुलुथची हवा तहानलेली असते.
सापडेल त्यातून पाणी ओढते:
कालच्या पावातून, लाकडी जिन्यातून, हातांतून.
समोर सरोवर पसरलंय समुद्राएवढं,
पण काठाशी गोठलेलं.

मी औषधांच्या दुकानात संध्याकाळची पाळी करते.
खोकी फोडून फोडून बोटं उललीत माझी,
हातमोजे काढताना धागे अडकतात भेगांत.

आयली कंगास मंगळवारी येते,
त्या दिवशी म्हाताऱ्यांना सूट असते.
ढकलगाडीला काठी अडकवते
आणि क्रीमच्या फळ्यांपुढे भिंग काढून उभी राहते,
उलटतपासणीला आल्यासारखी.
बेचाळीस डॉलरची काचेची बरणीही उचलते,
घेणार नसते तरी.
मागचं बारीक वाचते, ओठ हलवत,
आणि मला विचारते,
"हे कुणाच्या डोळ्यात घालून पाहिलं होतं का?"

पहिल्यांदा वाटलं, चळलं हिचं.
म्हटलं, ससा छापलाय ना त्यावर.
"बसलेला की उडी मारणारा?"
बसलेला.
"मग नको. आमचेही बसलेलेच असायचे.
मान खोबणीत, नुसती डोकी बाहेर,
एका ओळीत, पोस्टाच्या खिडक्यांसारखी."

मग सुटे पैसे मोजता मोजता सांगितलं:
न्यू जर्सी, वय बावीस,
पांढरा कोट, दुपारचं जेवण फुकट.
सकाळी एकेक थेंब टाकायचा
आणि तासातासानं वहीत
लालीचा आकडा लिहायचा.
शून्य, एक, दोन, तीन.
"ससा ओरडत नाही गं सहसा.
आसवंही बेताचीच त्याला, काही धुऊन निघत नाही.
म्हणून तर तो."
तीन वर्षं आणि वर काही महिने.
किती ससे, ते तिला ठाऊक होतं.
सांगितलं नाही.

मागे रांग लागली होती. कुणीतरी खाकरलं.

दुकान बंद झाल्यावर मी त्या फळ्या वाचत बसले,
वरून खाली.
वर मोती, शैवाल, बर्फातला गुलाब,
आणि सगळ्यांच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं,
जे आमच्या नळाला फुकट येतं.
सगळ्यात तळाशी,
गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही अशा जागी
एक पांढरी ट्यूब. ओटचं पीठ, ग्लिसरीन, वास नाही.
चार डॉलर एकोणीस सेंट.
कोपऱ्यात ससा, नखाएवढा.

पुढच्या मंगळवारी तिच्या हातात दिली.
भिंग. बराच वेळ भिंग.
"चारही पाय वर आहेत," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच हसली, जपून,
ओठ फाटू नयेत म्हणून.

अठरा सेंट कमी पडले, ते मी घातले.
तिनं ते पाहिलं. मग माझा हात धरून
मला मागच्या मोरीपाशी नेलं,
गिऱ्हाइकांना तिथं यायची परवानगी नाही.
"अशी कोरड्यावर चोळत बसशील तर वाया जाईल.
आधी भिजव. पुरतं पुसू नकोस.
ओलीवरच मुरतं काय मुरायचं ते."
तिचा अंगठा पॉलिशकागदासारखा, पण ऊबदार.
मनगटावर जुने बारीक ओरखडे,
चार-चार, समांतर.
मी विचारलं नाही.

रात्री घरी तसंच केलं.
आधी झोंबलं, मग कमी झोंबलं.
धाकटा म्हणाला, कसला वास येतोय?
म्हटलं, कसलाच नाही.

तासाभरानं दिव्याखाली हात धरून पाहिला.
वहीत आकडा लिहायचा असता
तर मी एक लिहिला असता.
दोनाच्या जवळचा एक.