भोक पाडलेलं पोस्टर

पुन्ता अरेनासचा वारा पाहुणा नाही,
इथला जुना भाडेकरू आहे, भाडं न देणारा.
चौकात दोर बांधलेले असतात
धरून रस्ता ओलांडायला.
अशा गावात मला काम मिळालं :
बसथांबे, बंदराची भिंत, बाजाराचं फाटक,
बारा जागा. विषय, विज्ञानाचा एखादा शोध.

मी ओझोन घेतला.
आमच्याच डोक्यावरचा. लांब कशाला जा?

आई सांगायची :
ऑक्टोबरात बाई शाळेच्या दारात उभ्या,
हातात पांढऱ्या मलमाची डबी,
प्रत्येक नाकावर एक बोट.
मैदान रिकामं. चेंडू वर्गात, बाकाखाली.
आणि आकाश तर तसंच होतं गं, निळं,
फाटलेलं कुठून दिसत नव्हतं.

आता काढा याचं चित्र.
जांभळा डाग काढला,
तर कुणी डोळ्यावर ठोसा मारल्यासारखा दिसला.
छत्री काढली. नगरपालिकेचा माणूस हसतच सुटला,
छत्री? इथे?
परीक्षानळी, भिंग, पांढरा कोट
हे मात्र माझं मीच फाडलं.

इर्मा कायून वेधशाळेच्या अंगणात
फुगा सोडायच्या तयारीत होती,
दोरी हातात, अर्धे शब्द वाऱ्यात.
"विजयबिजय लिहू नकोस," ती ओरडली.
"लिही, आकडा खाली आला
आणि आधी सगळ्यांनी यंत्रावरच संशय घेतला.
लिही, फ्रिजमधला वायू बदलला,
फवाऱ्याचे डबे बदलले,
भांडत, कुरकुरत, पण बदलले.
आणि आता भरतंय.
जखम भरते तसं, खाजवू नये तसं.
माझी नात पन्नाशीला येईल तोवर."
फुगा सुटला. आम्ही दोघी मान दुखेतो वर बघत होतो.

मग मी फक्त निळा केला.
काठापासून काठापर्यंत निळा,
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इर्माची वाक्यं.
सहा दिवस तो निळा जमत नव्हता.

बाराच्या बारा पहिल्याच रात्री गेली.
एक सापडलं, मेंढ्यांच्या कुंपणाला अडकलेलं,
लोकर चिकटलेली.

डॉन ड्रागो चाळीस वर्षं भिंती चिकटवतोय :
सर्कस, निवडणुका, हरवलेली कुत्री.
त्याने नवीन प्रत हातात घेतली, उलटी केली,
खिशातून चाकू काढला.
"पोरी, तू वाऱ्याला वाट ठेवली नाहीस."
आणि मधोमध, माझ्या सहा दिवसांच्या निळ्यात,
ताटाएवढं भोक.

ओरडायला तोंड उघडलं होतं मी.
ते तसंच राहिलं.
थांब्याच्या काचेवर चिकटवलेलं पोस्टर,
भोकातून पलीकडची सामुद्रधुनी,
एक गंजलेलं जहाज,
आणि वर खरं, न रंगवलेलं आकाश.

ते टिकलं. सगळा हिवाळा.

पुढच्या वर्षी म्हटलं, भोक थोडं लहान करू,
दर वर्षी थोडं थोडं, वरचं जसं होतंय तसं.
ड्रागो म्हणाला, मग फाटेल.
म्हटलं, माहीत आहे.
तो बराच वेळ बोटाचं चिकट सोलत बसला.

आज सकाळी मी पट्टी घेऊन बसले आहे :
गेल्या साली चोवीस, यंदा साडेतेवीस.
दारातून डोकावून त्याने आकडा वाचला,
कपाळावर हात मारला
आणि आत जाऊन
खळ जरा जास्तच घट्ट शिजवायला लागला.