करंगळी

बाकीच्या नऊ बोटांना चटई विणायची असते,
म्हणून टोचायला मी डावी करंगळी ठेवली आहे.
पहाटे, कोंबडा आरवायच्या आत,
एक थेंब. मग यंत्र विचार करतं,
तोवर मी केवड्याच्या पात्या भिजत घालते.
आज आकडा शहाण्यासारखा आला.

फिपे दारात बसून बघते. माझी थोरली.
तिचा डावा पाय गुडघ्याखाली संपतो.
ओहोटीला शिंपले वेचताना प्रवाळ रुतलं,
तिला कळलंच नाही. वाळूवर
रक्ताचं पाऊल मागोमाग येत होतं, ते पोरांनी पाहिलं.
त्याआधी सहा वर्षं ती म्हणायची:
तेविताचं लग्न होऊ दे,
मग नाताळ, मग पाद्रीबुवांचं जेवण,
मग बघू.

माझा पहिला आकडा आला तेव्हा
मला काहीच दुखत नव्हतं.
तिनेच मला वावाऊच्या होडीत बसवलं.
म्हणाली, दुखत नाहीये तोवरच जा.

रविवारी जमिनीतली भट्टी उघडते,
केळीच्या पानांतून अळूच्या कंदांची वाफ.
वहिनी ताट भरते. नको म्हणणं म्हणजे
तिच्या हाताला नाव ठेवणं.
मी अर्धा कंद घेते, मासा घेते,
आणि कौतुक मात्र पोटभर करते.

रात्री आरसा भुईवर ठेवून
तळवे बघते, दोन्ही.
फिपे कंदील धरते.
"अजून जरा वळव," म्हणते,
आणि बोटांच्या बेचक्यांत
माझ्याहून जास्त वेळ शोधत राहते.