नववी पायरी

कोयनेतून पाणी सोडल्याचं
ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर दुपारी सांगितलं,
आधी क्युसेकचा आकडा, मग "गुरंढोरं हलवा."
संध्याकाळी हरिपूरच्या घाटावर
मी आणि दस्तगीरचाचा,
डालडाच्या डब्यात गांडुळं,
पेपरात गुंडाळलेली कोंबडीची आतडी,
तिसऱ्या दिवसाची.

नदीला वीटभट्टीच्या चिखलाचा रंग.
मधून एक अख्खी बाभळ चाललेली,
तिच्यावर बसून फुकट प्रवास करणारा बगळा,
मागोमाग एक निळं पिंप,
कुणाच्या तरी गव्हाणीची फळी.

मी गळ फेकला थेट मधोमध,
दंडात होता तेवढा जोर लावून.
शिशाऐवजी बांधलेला जुना स्पार्क प्लग
मिनिटभरात वाहत काठाला लागला,
पाला आणि कुणाची तरी चड्डी घेऊन.
पुन्हा फेकला.
पुन्हा पाला.

चाचानं विझलेली विडी कानावर ठेवली.
"मधी काय ठेवलंयस रं?
मधी त्यालाबी थारा न्हाई.
एवढ्या पाण्यात मासा कडंला येतोय, माणसागत.
पायाशी सोड. दोन हातावर.
आन् आधी हात घास चिखलानं,
हळदीच्या गोदामातनं तसाच आलायस.
आज त्येचे डोळे गेल्यात,
सगळा कारभार नाकाचा."

पायाशी तरी काय दिसत होतं?
मी तसं म्हणालो.
"मला चार वरसं रोजच गढूळ हाय," चाचा म्हणाला.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मिरजेच्या दवाखान्याची तारीख त्यानं दोनदा चुकवली,
दोन्ही वेळा नदीला पाणी होतं म्हणून.

"किती पायऱ्या उरल्या?"
वरून मोजल्या. पाच.
"मग नववी आठव."

नववी.
उन्हाळ्यात शालन परटीण तिथं चादरी आपटते,
आपटून आपटून डावा कोपरा उडालाय,
तिथं खोबण झालीय, पाटा बसेल एवढी.
मी मे महिन्यात तिथं पाय सोडून बसलोय कितीदा,
माझी टाच नेमकी मावते तिच्यात.
वरून कितीही पाणी धावो,
खोबणीत ते जरा बसत असणार,
दम खात असणार.

डोळे मिटले.
सगळ्या त्या गढूळाखाली मे महिना अंथरला,
निळ्या साबणाचा वास, ओल्या चादरीचा फटका,
तापलेला दगड.
टाचेच्या अंदाजानं आतडं खाली सोडलं.

काठीच्या शेंड्याला घुंगरू,
चाचाच्या मेलेल्या बकरीच्या गळ्यातलं.
आम्ही त्याच्याकडे कान करून बसलो.
पाच पायऱ्यांच्या चार झाल्या.
चाचाला ते आधी कळलं, चपलेतून.
"सरक," एवढंच बोलला.

घुंगरू एकदा हललं.
"थांब."
बराच वेळ नुसती नदी.
मग दोनदा, घाईघाईनं.
"आता!"

दोरा तळव्यात रुतला,
खालून कुणी दार ओढून धरावं तसं,
आणि मग दार सुटलं.
शिंगाळा. हातभर. मिशा माझ्या मनगटाला लागल्या,
पायरीवर पडून तो कुरकुरत राहिला
म्हाताऱ्या बिजागरीसारखा.

चाचानं काटे चुकवून त्याला दोन्ही हातांनी चाचपलं,
डोक्यापासून शेपटीपर्यंत, मग पोट, पुन्हा पोट.
काही बोलला नाही.
मी विचारायच्या आत
वाकून त्यानं हात पाण्यात घातले
आणि रिकामे बाहेर काढले.
"दुसरा येतोय," म्हणाला. "ही जागा तशीच हाय."

दुसरा आला नाही.
आतडी संपली, तीन पायऱ्या उरल्या, आम्ही उठलो.
चिंचांच्या रस्त्यावर लाइट गेलेली,
म्हशी वर नेणारी माणसं, डोक्यावर गाठोडी.
चाचाचा एक हात माझ्या खांद्यावर,
दुसऱ्यात काठी,
घुंगरू सोडायचं दोघंही विसरलेलो.
ते पावलागणिक वाजत होतं,
आणि अंधारात बाजूला होत कुणीतरी विचारलं,
"बकरी कुणाची हो?"